नऊ वर्षांचा चमत्कार

कार्यक्रमाला तीन दिवस उरले की त्या घरात मुलीचं बोलणं बंद होई. हट्ट नाही, हाक नाही, हसायचं तेही तोंड मिटून. तिच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली एक छोटी वही असे आणि काय हवं-नको ते त्यात लिहून दाखवायचं. ‘पाणी.’ ‘भूक नाही.’ ‘बूट चावतो.’ शेजारपाजारच्या बायांना याचं भारी कौतुक. आपली कार्टी दिवसभर घर डोक्यावर घेतात आणि ही बघा, बारीकशी पोर, पण कशी शहाणी! बारीकशा पोरीला इतकं शहाणं का व्हावं लागतं, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही.

त्या गुरुवारी सकाळी मामा कीबोर्डचं लांबलचक खोकं खांद्यावर टाकून दोन जिने चढून आला, तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होती.

“काय शिट्टे, कितवी?”

तिने सात बोटं दाखवली.

“दहा होऊ देत,” आतून तिची आई म्हणाली. “आणि पाणी कोमट आहे का बघ रे जरा. गार झालं असेल तर परत तापवते.”

शिट्टी हे नाव मामानेच ठेवलेलं. जन्मल्या दिवशी तिने असा काही सूर लावला होता, की प्रसूतिगृहाच्या आया दारात येऊन बघून गेल्या. मामा तेव्हा नुकता एका शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागला होता. भाचीला हातात घेऊन तो म्हणाला, “ताई, ही रडत नाहीये, ही पट्टी देतेय.” सगळे पोट धरून हसले होते.

घर तीन खोल्यांचं, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. पुढच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले होते, म्हणजे आवाज घुमू नये. खिडकीवर जाड गादी लावलेली. भर दिवसा तिथे दिवा लावावा लागे. याच खोलीत मुलगी चार वर्षं रोज पाच तास गात आली होती. शाळेत जायची ती परीक्षेपुरती.

भावोजी, म्हणजे मुलीचे वडील, त्या दिवशी खुशीत होते. छापखान्यातून ताजे फलक आले होते. त्यांनी एक उलगडून भिंतीला लावला. फुग्याच्या बाह्यांचा झगा, दोन वेण्या, हातात माईक, आणि खाली ठसठशीत अक्षरं: ‘नऊ वर्षांचा चमत्कार!’

“रंग कसा उठलाय बघ,” ते मामाला म्हणाले.

रंग उठला होता खरा. फक्त मुलगी नऊ वर्षांची होऊन तीन वर्षं लोटली होती. दर वर्षी नवा फलक निघे, नवा झगा शिवला जाई, वय तेवढं जागचं हलत नसे. ती दहाची झाली तेव्हा आयोजक म्हणाले होते, “दहा म्हटलं की लोकांना मजा येत नाही हो. नऊ कसं गोड वाटतं!” भावोजींनी मान डोलावली होती. मग पुढच्या वर्षी डोलावणं आणखी सोपं गेलं. मुलगी उंच व्हायला लागली तशी तिला मंचावर सपाट बूट घालून थोडं गुडघ्यात वाकून उभं राहायला शिकवलं. ते ती इतकं बेमालूम करी, की घरीही कधी कधी तशीच वाकून चाले.

मामाने कीबोर्ड घोडीवर चढवला आणि सवयीने डाव्या कोपऱ्यातलं एक बटण तीनदा दाबलं. त्या बटणाचं गुपित या घरात त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ते एकदा दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर फिरतात, पण आवाज अर्धा सूर खाली उतरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. ऐकणाऱ्याला कळावं, तर त्याला कान लागतो. किती उतरलं तो आकडा वरच्या काचेवर उमटतो, म्हणून मामाने त्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती.

वर्षापूर्वी एका गाण्यात मुलीचा वरचा सूर किंचित खरखरला. भावोजींना ते कळलं नाही, त्यांचं लक्ष टाळ्यांकडे. ताईला कळलं असेल, पण ती बोलली नाही. मामाला मात्र लख्ख कळलं. पुढच्या कार्यक्रमात त्याने बटण एकदा दाबलं. पोरीला सोपं गेलं. तिने गाता गाता चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी हसली. चार महिन्यांनी बटण दोनदा दाबावं लागलं. गेल्या महिन्यापासून तीनदा. मामाला वाटे, आपण किती जपतो हिला! दुखणाऱ्या पायाला आपण कुबडी देतोय, पाय आतून सडतोय, हे त्याच्या गावी नव्हतं. निदान नसावं, असं तो स्वतःला सांगे.

आणि खरं सांगायचं, तर त्यात त्याचाही स्वार्थ होता. त्या शहरात त्याच्यासारखे वाजवणारे, गाणारे, चाली बांधणारे चाळीस-पन्नास तरुण असतील. कुणाच्या मागच्या खोलीत, कुणाच्या बंद गोदामात त्यांच्या तालमी चालत. मामानेही एका ड्रमवाल्या मित्राबरोबर स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम केला होता. ऐकायला आठ जण होते, त्यातले दोघे चहाची वाट बघत बसलेले. भाचीच्या मागे उभा राहिल्यापासून त्याला सातशे लोक ऐकत. ड्रमवाल्यालाही. एवढीशी मान आणि तिच्यावर किती जणांचा भार! पण काखेत कळसा आयता मिळाला, मग गावाला वळसा कोण घालतो, तसं त्या सगळ्यांचं झालं होतं. मुलगी हाताशी होती, मग दुसरं काही शोधायचं कशाला?

तालीम सुरू होणार, तेवढ्यात आयोजकांचा फोन आला. भावोजींनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“रविवारी मुंबईहून की कुठून ते दूरचित्रवाणीवाले—” भावोजी अर्धवट बोलले.

“कुठूनही येऊ देत, येताहेत हे महत्त्वाचं,” आयोजक म्हणाले. “तर एक बदल आहे. वाद्यं आपण रेकॉर्ड करून घेतली आहेत. वीस व्हायोलिनं आहेत, वीस! ट्रॅक पाठवतो. मुलगी त्यावर गाईल. वादकांनी मागे उभं राहून नुसता हात हलवायचा.”

मामा कीबोर्डमागून पुढे आला. “पट्टी कुठली?” त्याने विचारलं.

“मूळचीच की! वरचा तो सूर जिथे होता तिथेच आहे.”

“थोडी खाली नाही का घेता येणार?”

“अहो, लोक त्या सुरासाठीच तिकीट काढतात. खाली आणला तर तो कुठल्याही मुलीचा सूर झाला.”

फोन बंद झाला. दहा मिनिटांत ट्रॅक आला. भावोजींनी तो लावला. व्हायोलिनांनी खोली भरून गेली, अंड्यांचे पुठ्ठेसुद्धा थरथरले असतील. मुलीने वही बाजूला सारली, गुडघ्यात वाकली आणि गायला लागली. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्याला तिच्या मानेची शीर तटतटून वर आली. शेवटची ओळ चढता चढता आवाज मधेच फाटला आणि नुसती हवा बाहेर आली.

व्हायोलिनं पुढे निघून गेली.

“सर्दी आहे,” भावोजी म्हणाले. “वाफ दे गं तिला.”

ताईने भांड्यात पाणी ठेवलं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! मामा काळ्या चिकटपट्टीकडे बघत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नवे बूट घ्यायच्या निमित्ताने तो भाचीला घेऊन बाहेर पडला आणि थेट घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेला. बाई वयस्कर होत्या, हळू बोलणाऱ्या. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, “वय?”

“नऊ,” मामा बोलून गेला. जीभच तशी वळलेली.

मुलीने वही उघडली, एक शब्द लिहिला आणि पान बाईंसमोर धरलं. ‘बारा.’

बाईंनी मामाकडे पाहिलं. तेवढं पाहणं पुरे होतं. मामा मान खाली घालून फरशीच्या फटी मोजत राहिला.

नाकातून बारीक नळी घालून बाईंनी घसा पाहिला. मुलगी हूं की चूं न करता बसली. सहन करण्याचा सराव तिला भरपूर होता. समोरच्या पडद्यावर तिचा गळा दिसत होता. ज्याला सातशे लोक टाळ्या वाजवत, त्याचं हे आतलं रूप मामा पहिल्यांदाच बघत होता.

“हे दोन स्वरतंतू,” बाई म्हणाल्या. “दोन्हींवर गाठी आहेत. आणि इथे डावीकडे लाल दिसतंय ना, तिथे रक्त साकळलंय. अगदी ताजं. किती दिवस आवाज बसतोय?”

“वर्ष झालं.”

“वर्ष? आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“आलं होतं,” मामा म्हणाला. मग त्याने बटणाची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “तुम्ही दुखणं झाकलंत,” त्या म्हणाल्या. “गळा ओरडून सांगत होता आणि तुम्ही त्याचं ओरडणं बंद केलंत. आता ऐका. तीन महिने गाणं बंद. पूर्ण बंद. या गाठी विश्रांतीने जातील, लहान आहे ती. पण या अवस्थेत तिने जोर लावला आणि ही जागा फाटली, तर व्रण राहील. मग बोलता येईल. गाण्याचं मी सांगू शकत नाही.”

परतीच्या वाटेवर मुलगी एका बाकावर बसली आणि तिने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मामाने वाचलं. ‘मी नाही गायले तर बाबा कुठे जातील?’

चार वर्षांपूर्वी भावोजींचा कारखाना बंद पडला होता. त्याच महिन्यात मुलीने स्पर्धा जिंकली. तेव्हापासून भावोजी तिचे व्यवस्थापक झाले, इस्त्रीचा सदरा घालून हॉलच्या पहिल्या रांगेत बसायला लागले, लोक त्यांना नमस्कार करायला लागले. बारा वर्षांच्या पोरीने हे सगळं बघून ठेवलं होतं. मामाने वही मिटली. त्याने बूट घेऊन दिले. मोठ्या मापाचे.

घरी त्याने सगळं सांगून टाकलं. ताई पीठ मळत होती, तिचे हात परातीतच थांबले. भावोजी आधी हसले, मग लालबुंद झाले.

“म्हणजे वर्षभर तू पट्टी उतरवत होतास? आमच्या डोळ्यांत धूळ फेकत होतास?”

“हो. ते चुकलंच माझं. पण आता—”

“आता शहाणपण शिकवतोस! डॉक्टर काय, त्यांना सगळीकडे रोगच दिसतो. अरे, रविवारी ती माणसं येताहेत. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो.”

“गळापण एकदाच येतो, भावोजी.”

“तुला कुणी विचारलंय? ट्रॅक आहे. तू नसलास तरी अडत नाही कुणाचं. मागे उभं राहून हात हलवायला कुणीही मिळेल.”

हे खरं होतं, म्हणून झोंबलं. मामाने बहिणीकडे पाहिलं. “ताई, तू तरी बोल.”

ताई खाली बघत म्हणाली, “एवढा एक कार्यक्रम होऊन जाऊ दे रे. मग तीन काय, सहा महिने सुट्टी देऊ. मी शब्द देते.” तिने कणीक पुन्हा मळायला घेतली. “शेवटचाच.”

शेवटचाच! किती घरांत किती लेकरांच्या मानेवर हा एक शब्द ठेवलेला असतो. शेवटची परीक्षा, शेवटची स्पर्धा, शेवटचा कार्यक्रम. बोलणाऱ्याला तो खराच वाटत असतो. ताईलाही वाटत होता.

आणि मामा? त्याने आदळआपट करायला हवी होती. मुलीला उचलून स्वतःच्या घरी न्यायला हवं होतं. आयोजकांना, शाळेला, शेजाऱ्यांना, कुणाला तरी ओरडून सांगायला हवं होतं. त्याने यातलं काही केलं नाही. त्याने पुन्हा एकदा झाकायची वाट धरली. मुलीला एकीकडे घेऊन तो म्हणाला, “शिट्टे, शेवटच्या ओळीला वर जायचंच नाही. खालचा सूर घ्यायचा. मी मागे असेन, हात असा खाली करून दाखवेन. मग तू खाली ये. समजलं?” तिने मान हलवली. मामाला हायसं वाटलं. भेकड माणसाला हायसं वाटायला फार काही लागत नाही.

रविवारी संध्याकाळी सहाला हॉल खच्चून भरला. बाहेर फलकापाशी बाया आपापल्या पोरींना उभं करून फोटो काढत होत्या. “बघ, नऊ वर्षांची आहे. आणि तू?” आतल्या खोलीत ताई मुलीच्या वेण्या घालत होती आणि तीच ती वेणी पुन्हा पुन्हा सोडत होती. भावोजी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते.

पडदा वर गेला. मामा मुक्या कीबोर्डमागे उभा होता. त्याची वायरसुद्धा कुठे जोडलेली नव्हती. ड्रमवाला काड्या हवेत फिरवत होता. व्हायोलिनं सुरू झाली. मुलगी पुढे आली, वाकली, गायला लागली.

पहिलं कडवं चांगलं गेलं. लोक डोलायला लागले. दुसऱ्याला आवाजाची कड झिजल्यासारखी झाली, पण वीस व्हायोलिनांत ते कुणाला कळतंय! मामाला कळलं. शेवटची ओळ जवळ आली तसे पहिल्या रांगेतले लोक पुढे सरकून बसले. त्या सुरासाठी ते आले होते आणि आता तो त्यांना हवा होता.

मुलीने मागे वळून पाहिलं. मामाने हात खाली केला. तिने विंगेकडे पाहिलं. भावोजींनी हात वर केला. मग तिने समोर पाहिलं, सातशे चेहऱ्यांकडे.

ती वर गेली.

आणि सूर लागला. भयंकर होतं ते हेच, की तो लागला. अखंड, स्वच्छ, कधी नव्हे इतका उंच. हॉल श्वास रोखून थांबला. क्षणभर, फक्त एक क्षण, मामालाही वाटलं की डॉक्टरबाई चुकल्या. मग तो सूर मधोमध तुटला. तिचं तोंड उघडं होतं, मानेची शीर ताठ होती आणि बाहेर काहीच येत नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, गाणं असंच संपतं.

मुलगी पुन्हा श्वास घेऊन जोर लावू लागली. शिकवलेलंच होतं तसं, काहीही झालं तरी थांबायचं नाही. तेवढ्यात विंगेतून ताई आली. पायात चपला नाहीत, हातात वेणीची रिबीन तशीच. तिला कुणी अडवायच्या आत ती मंचाच्या मधोमध गेली आणि तिने लेकीच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. “पुरे,” ती म्हणाली. समोर माईक होता, सगळ्यांना ऐकू गेलं. “पुरे, बाळा. पुरे.”

तिने हात काढला तेव्हा तळव्यावर लाल ठिपका होता. मागच्या रांगांतून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” मामाने खाली पाहिलं. त्याची बोटं अजून मुक्या पट्ट्यांवर चालत होती.

दूरचित्रवाणीची माणसं मध्यंतराआधीच निघून गेली. आयोजकांनी मुलीला पाणी दिलं, मग भावोजींना बाजूला घेऊन विचारलं, “पुढच्या आठवड्याचं काय?”

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. दोन महिन्यांनी मुलगी बोलायला लागली. आवाज आला, पण कुणा दुसऱ्याच बाईचा आल्यासारखा, घोगरा आणि जागोजागी विरलेला. फोनवर लोक तिला “काकू, मुलगी आहे का घरी?” असं विचारत आणि “मीच ती” म्हटल्यावर गोंधळत. गाणं गेलं. बाईंनी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा मान हलवली. भावोजी एका टायरच्या दुकानात लागले. घरात ते मुलीशी नीट बोलत, फार नीट बोलत, पण तिच्या तोंडाकडे बघत नसत. ताईने खिडकीवरची गादी काढली. मुलगी शाळेत जाऊ लागली, आपल्या वयाच्या मुलींपेक्षा दोन वर्ग मागे.

मामा रोज संध्याकाळी येई. कीबोर्ड आणत नसे. एकदा तो भाचीला म्हणाला, “शिट्टे, मला शिव्या दे.” ती म्हणाली, “मला येत नाहीत. कुणी शिकवल्याच नाहीत.” त्यावर दोघं हसले आणि मग मामा हुंदके देऊन रडला. ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली, मोठ्या माणसासारखी.

चौथ्या महिन्यात, मामा भाचीच्या शेजारी बसलेला असताना, त्याला आयोजकांचा फोन आला.

“मास्तर, नदीपलीकडे एक पोर सापडलीये. सहा वर्षांची! गळा म्हणजे काय सांगू. आई-बाप साधे आहेत, त्यांना काही कळत नाही. तुम्ही मागे उभे राहाल तर त्यांना धीर येईल. उद्या जाऊन भेटा. पाच वाजता मी त्यांना फोन करून होकार घेतो.”

मामाच्या तोंडात शिवी आली होती. ती गिळून त्याने पत्ता लिहून घेतला.

“मी येते,” भाची म्हणाली.

“तू कशाला?”

“तू एकटा गेलास तर परत काहीतरी झाकशील.”

घर एका चढावर होतं, शिंप्याचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कपड्यांचे तुकडे, आणि स्टुलावर उभी केलेली ती सहा वर्षांची पोर, समोरचे दोन दात पडलेली. शिंप्याने मशीन थांबवून खुर्च्या पुढे केल्या. बायकोने पाणी आणलं. भाचीला बघून ती हरखलीच.

“अगंबाई! हिला आम्ही ऐकलंय की. हॉलमध्ये, मागे उभं राहून. तेव्हाच आमच्या पिल्लूला म्हटलं, बघ, असं व्हायचं.”

मामाने खाकरून सुरुवात केली. बटणाचं सांगितलं, गाठींचं सांगितलं, ट्रॅकचं सांगितलं, स्वतःला काडीचीही सूट न देता सांगितलं. शिंपी ऐकत होता, पण मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

“वाईटच झालं,” तो शेवटी म्हणाला. “पण आम्ही काळजी घेऊ ना, मास्तर. एवढं ताणायचं नाही आम्ही. आमची पिल्लू हौसेने गाते, जबरदस्ती नाही.”

“आम्हीही हेच म्हणत होतो,” मामा म्हणाला.

“प्रत्येकाचं नशीब वेगळं असतं.”

सांगून कुणाला पटलंय! शिंप्याच्या बायकोने विषय बदलावा म्हणून मुलीच्या पाठीवर हात फिरवला. “जाऊ द्या ते. तू आलीच आहेस बाई, तर हिच्यासाठी एक ओळ म्हण. तुझा गुण हिला लागू दे.”

“वहिनी, अहो, ती—” मामा घाईने उठला.

“म्हणते,” भाची म्हणाली.

ती उभी राहिली. गुडघे सरळ, मान सरळ. आपल्या वयाएवढी उंच. तिने तीच ओळ घेतली, सातशे माणसं जिच्यासाठी पुढे सरकून बसत ती. पहिला शब्द घोगरा आला. दुसरा फाटला. तिथून पुढे सूर नव्हता, नुसता श्वास गळ्याला घासत वर चढत होता. मधेच अर्धा आवाज निघे आणि बुजे. ती थांबली नाही, ओळीतला एकही शब्द तिने गाळला नाही. जिथे तो वरचा सूर असायचा तिथे तिने तोंड पूर्ण उघडलं आणि तेवढा वेळ उघडं ठेवलं. खोलीत रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज ऐकू येत होता. मग तिने तोंड मिटलं आणि ती खाली बसली.

शिंप्याचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला होता.

स्टुलावरच्या पोरीने मात्र टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं की वाजवायच्या असतात, एवढंच तिला माहीत होतं. आईने झडप घालून तिचे दोन्ही हात पकडले आणि स्वतःच्या छातीशी धरले.

पाच वाजले. मशीनवर ठेवलेला फोन वाजायला लागला. शिंप्याने हात पुढे केला.

“उचलू नका,” त्याची बायको म्हणाली.